पट्टे खरे की रंगवलेले?

पेनसिल्व्हेनियातल्या एका संग्रहालयात मी जुन्या लाकडी वस्तूंच्या जतनाचं काम करते. त्या दिवशी टेबलावर १८००च्या आसपासची लाँग रायफल आली. चकमकीच्या ठिणगीने उडणारी, ठासणीची, जवळजवळ माझ्याच उंचीची. आधी नळीत काठी घालून खोली मोजली, कारण इतक्या जुन्या बंदुका कधी कधी भरलेल्या निघतात. ही रिकामी होती.

दस्ता काजळीने आणि जुन्या वार्निशने काळाठिक्कर पडलेला. उजव्या अंगाला पितळी झाकण, त्याच्या टोकाशी उमललेलं फूल. इथल्याच लँकेस्टर गावाकडच्या कारागिरांची ही आवडती नक्षी. जर्मन मुलखातून आलेल्या या लोकांनी तिकडची आखूड, जाड शिकारी रायफल इथे लांब आणि सडपातळ केली. झाकणाखालच्या खणात चरबी लावलेल्या चिंध्या ठेवत. चिंधीत धरलेली गोळी नळीतल्या आट्यांत घट्ट बसते.

डाव्या अंगाला, गाल टेकतो तिथे, ओलसर बोळा फिरवला आणि वाघासारखे पट्टे दिसले. माझ्या पोटात गोळाच आला. साध्या लाकडावर असे पट्टे रंगवतही असत.

दिवा जागेवर ठेवून दस्ता हळूहळू फिरवला. गडद पट्टा उजळला, शेजारचा काळवंडला. धूपछाव पैठणीचा पदर हलवावा तसं. रंगवलेला पट्टा असा पलटत नाही. दस्ता मॅपल झाडाच्या लाकडाचा, आणि त्याचे तंतूच लाटांसारखे वळलेले होते. लोखंड विरघळवलेलं नायट्रिक आम्ल लावून लाकूड शेकलं, की तंतूंची टोकं वर येतात तिथे रंग जास्त मुरतो.

असं लाकूड कोरणं महाकठीण. पटाशी चुकीच्या दिशेने गेली की तंतू उपटून येतात. तरी त्या माणसाने त्यातूनच वेलीची गुंडाळी उठवली होती, भोवतालचं लाकूड तासून, जेमतेम एक मिलिमीटर उंच. भिंगाखाली दिसलं, दर वळणाला त्याने पटाशी उलट्या बाजूने धरली होती. एकही तंतू फाटलेला नाही. मी किती तरी वेळ तेच बघत बसले.

वेलीचं शेवटचं पान मात्र गेलं आहे. पूर्वी कुणी तरी दस्ता चकचकीत करायला पॉलिश पेपर मारला, त्याचे समांतर ओरखडे तिथे स्पष्ट आहेत. त्याचा मला अजून राग येतो.

सहकाऱ्याने विचारलं, पान पुन्हा कोरणार का? नाही म्हटलं. तिथे फक्त मेणाचा पातळ हात दिला.