लँडिडनो-कॉन्वीच्या कुटुंबवाटा : कुठून परत फिरायचं, याची नोंद

उत्तर वेल्सच्या किनाऱ्यावर लँडिडनो आणि कॉन्वी ही गावं शेजारी शेजारी आहेत. त्यांच्याभोवती लहान मुलांना घेऊन चालता येतील अशा सात वाटांचा संच बांधायचं काम चालू आहे. आजची स्थिती अशी : पाच वाटा पक्क्या, एकीची दिशा उलटवली, एक तूर्त बाजूला ठेवली. मँचेस्टरहून लँडिडनोला थेट रेल्वे येते, त्यामुळे तिकडच्या मराठी कुटुंबांना यातली कुठलीही वाट एका दिवसात, गाडी न काढता जमते.

अंतर आणि चढ हे दोन आकडे कुठल्याही पाटीवर मिळतात. मुलं बरोबर असली की तिसरा आकडा लागतो : एका सुटकेच्या जागेपासून पुढच्या सुटकेच्या जागेपर्यंत किती मिनिटं. सुटकेची जागा म्हणजे जिथे स्टेशन, ट्राम, डांबरी रस्ता किंवा सोपा उतार मिळून वाट अर्ध्यावर सोडता येते. सात वर्षांखालच्या मुलांसाठी हा आकडा ४५ मिनिटांच्या आत हवा, असा आमचा निकष आहे. या निकषावर दिसायला सोपी वाट नापास होते आणि डोंगरावरची पास होते. संचातल्या वाटा म्हणूनच उंचीप्रमाणे लावलेल्या नाहीत.

वेळ काढायला नेस्मिथचा जुना नियम वापरला आहे : दर ५ किमीला एक तास आणि दर १०० मीटर चढाला १० मिनिटं. तो नियम मोठ्यांच्या न थांबणाऱ्या चालीचा आहे. पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी येणाऱ्या वेळेला पावणेदोनने गुणतो, त्याहून लहान मूल स्वतःच्या पायांनी चालणार असेल तर दोनने. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ओएल १७. त्यावर ४ सेंटीमीटर म्हणजे १ किमी, आणि दोन्ही गावं एकाच कागदावर येतात.

कॉन्वी माउंटन : पक्की

संचातली सगळ्यात देखणी वाट हीच. वेल्शमध्ये या डोंगराला मनिद अ ड्रेव म्हणतात, म्हणजे गावाचा डोंगर. उंची २४४ मीटर, पण सुरुवात कॉन्वी स्टेशनपासून, जवळजवळ समुद्रसपाटीवरून होत असल्याने चढ पूर्ण अंगावर येतो. माथा साधारण अडीच किमी. हिशेब : अंतराची ३० मिनिटं, चढाची २४, एकूण ५४, पावणेदोनने गुणून ९५ मिनिटं.

गावाच्या तटाबाहेर पडून सिखनंट खिंडीकडे जाणारा रस्ता धरायचा, उजवीकडे वळून रेल्वे ओलांडायची आणि डोंगराच्या पायथ्याच्या घरांमागून पायवाट पकडायची. पहिली २० मिनिटं सगळ्यात उभी आहेत आणि इथेच मुलं कुरकुरतात. पाणी-खाऊचा पहिला थांबा सोंडेवर पोचल्यावरच ठेवावा. त्याआधी बसलं की पुन्हा उठवणं कठीण जातं, कारण खालून माथा दिसत नाही आणि अजून किती, हे मुलांना दाखवता येत नाही. सोंडेवर आल्यावर मागे वळलं की कॉन्वीचा किल्ला आणि खाडी एकदम उघडी पडते.

चूक होते ती वर. हेदर आणि काटेरी गॉर्सच्या झुडपांमधून ढोरवाटा एकमेकींत मिसळत जातात आणि प्रत्येक जण रुंद दिसणारी वाट धरतो. रुंद वाट पुष्कळदा माथ्याच्या दक्षिण कुशीने आडवी निघून जाते, मग किल्ला चुकतो. नियम सोपा ठेवायचा : माथ्यापर्यंत समुद्र उजव्या हाताला आणि वाट धारेजवळ. दक्षिणेला, म्हणजे डाव्या हाताला उतरणाऱ्या बऱ्याच वाटा खिंडीच्या रस्त्याला जाऊन मिळतात. त्याच आपल्या सुटकेच्या जागा, आणि त्यांच्यातलं अंतर कुठेही ४५ मिनिटांच्या वर जात नाही. उत्तरेला मात्र कधीही उतरायचं नाही. खाली ए-५५ महामार्गाचा आवाज येतो आणि रस्ता हाताशी आहे असं वाटतं, पण तो उतार उभा आहे, घसाऱ्याचा आहे आणि खाली वाट नाही.

माथ्यावर काएर सेयॉन हा लोहयुगातला डोंगरी किल्ला आहे. सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्याला इथला विचार लगेच कळतो : उत्तरेला कडा असल्याने तिकडे तटाची गरज नव्हती, रचीव दगडांचा तट उरलेल्या बाजूंना घातला. आत गोल घरांचे पाये आहेत, जमिनीत बशीसारखे खोलगट. पहिला पाया ओळखायला वेळ लागतो. मुलांना त्यात उभं करून कडेने चालायला लावलं की गोल लक्षात येतो, आणि मग पुढचे तीच शोधतात. उत्खननात गोफणीचे गोटे सापडले आहेत. तटाचे दगड मात्र उचलायचे नाहीत, एकावर एक रचायचेही नाहीत. हे संरक्षित स्मारक आहे.

या डोंगरावर मोकळी तट्टं चरतात. त्यांना खाऊ देऊ नये. हाताला सवय झालेलं तट्टू दफ्तर ओढतं, आणि त्याच्या मागून जाणाऱ्या मुलाला लाथ बसू शकते. शिंगरू दिसलं तर त्याच्या आणि घोडीच्या मधून वाट काढायची नाही.

परतीला खिंडीपर्यंत उतरून रस्त्याने गावात येता येतं, पण त्या रस्त्याला सगळीकडे पदपथ नाही. मुलांबरोबर आलेल्या वाटेनेच परतणं बरं, आणि ज्यांना पूर्ण फेरी हवी त्यांनी रस्त्याच्या वरच्या अंगाची पायवाट धरावी.

मरीन ड्राइव्ह : दिशा उलटवली

ग्रेट ऑर्म हे लँडिडनोच्या वायव्येला समुद्रात घुसलेलं चुनखडीचं भूशिर आहे. त्याला वळसा घालणारा हा डांबरी रस्ता १८७८ साली खुला झाला. बाबागाडी नेता येईल अशी डोंगराजवळची ही एकमेव लांब वाट. पायी जाणाऱ्यांना टोल नाही. गावातून निघून गावात परत येईपर्यंत साधारण ८ किमी.

नोंदीत आधी ही वाट धक्क्यापासून, म्हणजे पिअरपासून सुरू करायला सांगितली होती. आता ती वेस्ट शोअरकडून, म्हणजे गावाच्या पश्चिम किनाऱ्याकडून सुरू करावी असं ठरवलं आहे. कारणं दोन. गाड्यांना इथे एकेरी वाहतूक आहे आणि त्या पिअरकडून घड्याळाच्या उलट दिशेने येतात. आपण त्यांच्याच दिशेने चाललो तर प्रत्येक गाडी पाठीमागून येते, आणि बाबागाडी ढकलणाऱ्याला ती ऐकू येईपर्यंत जवळ आलेली असते. उलट दिशेने चाललं की गाडी समोर दिसते. दुसरं कारण वाऱ्याचं. इथला नेहमीचा वारा नैर्ऋत्येचा. पिअरकडून निघालं तर पहिला अर्धा रस्ता आडोशात जातो, सगळे खुशीत असतात, आणि टोक ओलांडल्यावर थकलेल्या मुलांच्या तोंडावर वारा येतो. वेस्ट शोअरकडून निघालं की वारा पाठीशी राहतो आणि शेवटचा टप्पा आडोशात संपतो.

सुटकेचा हिशेब इथे कडक आहे. वेस्ट शोअरच्या बाजूने टोकाजवळच्या कॅफेपर्यंत मधे काहीच नाही. त्यानंतर सेंट टडनोच्या जुन्या चर्चकडे चढणारा एक फाटा, आणि मग थेट गाव. म्हणून ही वाट ४५ मिनिटांच्या निकषात बसत नाही. फक्त बाबागाडीत बसणाऱ्या किंवा दहा वर्षांवरच्या मुलांसाठी ठेवली आहे. जोराच्या वाऱ्यात किंवा दरड पडल्यावर रस्ता बंद करतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करावी.

बाबागाडीत किंवा पाठीवरच्या झोळीत बसलेलं मूल हालचाल करत नाही, म्हणून ते चालणाऱ्यापेक्षा खूप लवकर गार पडतं. आपल्याला घाम आला म्हणून त्याचं जाकीट काढू नये. त्याच्या मानेला मागून हात लावून पाहावा. मान गार लागली तर थर वाढवायचा. हातापायांवरून अंदाज चुकतो, ते तसेही गारच असतात.

ग्रेट ऑर्मचा माथा : पक्की

माथा २०७ मीटर, नकाशावरचा ग्रिड क्रमांक एसएच ७६७ ८३३. पिअरजवळच्या हॅपी व्हॅली बागेतून चढायचं, सेंट टडनोच्या चर्चवरून माथ्यावर, आणि उतरताना ट्राम. अंतर अंदाजे ३ किमी, मुलांसह पावणेदोन तास धरावेत. ही केबलने ओढली जाणारी ट्राम १९०२ पासून चालते आणि साधारण मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर असते. ती असते तोवर ही वाट डोंगरावरच्या वाटांत सगळ्यात सुरक्षित, कारण माथा आणि ट्रामचं मधलं हाफवे स्टेशन या दोन्ही ठिकाणी सुटका मिळते. हिवाळ्यात मात्र तीच वाट परतीसह पूर्ण पायांवर येते, आणि डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा दुपारी १२ नंतर निघू नये.

हाफवेजवळ ताम्रखाण आहे, सुमारे ४,००० वर्षांपूर्वी हाडांच्या आणि दगडी हत्यारांनी खोदलेली. १९८७ मध्ये ती उजेडात आली. काही बोगदे इतके अरुंद आहेत की त्यांत फक्त मुलंच शिरू शकली असतील. सहा-सात वर्षांच्या मुलाला त्या तोंडाशी उभं करून हे सांगावं. नंतरचा चढ त्याला जाणवत नाही.

पावसानंतर इथला चुनखडक साबणासारखा होतो. पायांनी घासून गुळगुळीत झालेला, पांढुरका चमकणारा दगड दिसला की त्याच्या कडेच्या गवतावरून पाऊल टाकायचं. शाळेचे सपाट तळव्याचे बूट इथे चालत नाहीत, खाचा असलेलेच हवेत.

जूनमध्ये उतारावर छोटी निळी फुलपाखरं दिसतात. सिल्व्हर-स्टडेड ब्लू या जातीचा हा ऑर्मवरचा प्रकार इतर ठिकाणच्यापेक्षा लहान असतो आणि लवकर बाहेर येतो. मुलांना गुडघ्यांवर बसवून पाहायला लावावं, उभ्याने ती नजरेतून सुटतात. लांब शिंगांच्या पांढऱ्या बकऱ्या मूळ काश्मिरी जातीच्या, एकोणिसाव्या शतकात इथे आणून सोडलेल्या. २०२० च्या लॉकडाउनमध्ये गावात उतरून त्यांनी बागा खाल्ल्या त्या याच.

वेस्ट शोअर ते कॉन्वी : पक्की, पण वाळूत उतरू नये

सपाट, बाबागाडीची, ६ ते ७ किमी. डिगॅन्वी, लँडिडनो जंक्शन आणि कॉन्वी अशी तीन स्टेशनं वाटेत. सुटकेच्या दृष्टीने यासारखी दुसरी नाही. डिगॅन्वी आणि कॉन्वीला गाडी मागणीवर थांबते : चढायचं असेल तर चालकाला दिसेल असा हात करायचा, उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगायचं. कॉन्वीहून लँडिडनोला परतताना जंक्शनला गाडी बदलावी लागते.

धोका वाटेवर नाही, शेजारच्या वाळूत आहे. ओहोटीला वेस्ट शोअरची वाळू दूरवर उघडी पडते आणि मुलं पाण्याच्या मागे जात राहतात. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, इथे भरती-ओहोटीतला फरक ७ मीटरच्या आसपास असतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, बराच कमी. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांत ते बाराव्या हिश्श्यांनी १, २, ३, ३, २, १ असं वाढतं. म्हणजे ७ मीटरच्या भरतीत एकट्या तिसऱ्या तासात पावणेदोन मीटर. वाळूचा उतार शंभराला एक धरला तर त्या एका तासात पाण्याची कड पावणेदोनशे मीटर आत येते. शिवाय ते समोरून सरळ येत नाही. आधी खोलगट नाळी भरतात, आणि किनारा व मूल यांच्यामध्ये पाणी येतं. कोकणात वाढलेल्यांनी आपल्या पुळणीचा अंदाज इथे लावू नये.

आणखी एक चूक नेहमी होते. छापील भरतीच्या तक्त्यातली वेळ पुष्कळदा ग्रीनिच वेळ असते. मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत घड्याळ एक तास पुढे असतं, म्हणून त्या वेळेत १ तास मिळवायचा. तक्त्याच्या डोक्यावर काय लिहिलं आहे ते आधी वाचावं. कोणी अडकलंच तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचं. डोंगरावर असाल तर पोलीस मागून माउंटन रेस्क्यू सांगायचं.

लिटल ऑर्म आणि कॉन्वीचा तट : दोन्ही पक्क्या

लिटल ऑर्म पेन्रिन बेकडून चढावा. अर्ध्या तासात एंजल बेच्या वरच्या सपाटीवर पोचतो. सप्टेंबर ते डिसेंबर खाली करड्या सीलची पांढरी पिल्लं असतात. खाली उतरू नये, हाका मारू नयेत; माणसांच्या चाहुलीने आई पाण्यात जाते आणि पिल्लू एकटं पडतं. कड्याला कठडा नाही, लहान मुलाचा हात सोडायचा नाही. माथा १४१ मीटरवर आहे, पण मुलं असतील तर सपाटीवरूनच परतावं.

कॉन्वीचा तट १२८३ ते १२८७ मध्ये बांधलेला, सुमारे १.३ किमी, २१ बुरूज. वर चालायला तिकीट नाही. पायऱ्या उंच आणि वाट अरुंद, म्हणून बाबागाडी खाली ठेवून मूल झोळीत घ्यावं. वारा वाढला की उतरावं.

बाजूला ठेवलेली

पेनमाइनमाउर या गावाच्या वरचं मेनी हिरियन हे शिलावर्तुळ. जवळपास ४०० मीटर उंची. पठारावर ढग उतरला की वाट दिसत नाही, आणि गाव सोडल्यानंतर सुटकेची जागाच नाही. हिशेबाने वर जायलाच दोन तासांच्या पुढे जातात. नकाशावरच्या वाटांपैकी सिखनंट खिंडीच्या बाजूने येणारी वाट कमी चढाची दिसते. ती दोन टप्प्यांत मोडून, प्रत्येक टप्प्याची मिनिटं लावून, पुढच्या नोंदीत घेऊ. तोवर मुलांबरोबर तिकडे जाऊ नये.