जीटी८६ साठी नवे टायर: पकड किती असावी?

टोयोटाची जीटी८६ २०१२ साली बाजारात आली, तेव्हा इंजिनाइतकीच चर्चा झाली ती तिच्या टायरची. सुबारूच्या सोबतीने तयार झालेल्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या या दोन दारांच्या स्पोर्ट्स कारला मिशलिनचे प्रायमसी एचपी टायर दिले होते, आणि प्रियस या इंधन वाचवणाऱ्या हायब्रिड गाडीच्या काही मॉडेलांवरही हेच टायर असत. यामागे काटकसर नव्हती, विचार होता. पकड बेताची असली की गाडी आपली मर्यादा कमी वेगातच दाखवते आणि मागचा भाग हळूहळू, चालवणाऱ्याला सावरायला वेळ देत सरकतो. मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांना गाडीचा हाच स्वभाव हवा होता. इंग्लंडमध्ये मी ही गाडी रोज चालवतो, त्यामुळे टायर बदलायची वेळ आली तेव्हा किंमत आणि ब्रँड पाहण्याआधी मला हे ठरवावे लागले की हा स्वभाव कितपत जपायचा आणि पावसातल्या सुरक्षिततेसाठी त्यातला किती सोडायचा.

टायर खरोखर संपले आहेत का, हे उभ्या गाडीकडे वरवर पाहून कळत नाही. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून पुढच्या टायरची आतली कड हाताने चाचपावी, कारण चाकांचे कोन थोडे जरी बिघडलेले असले तरी झीज तिथे आधी होते. बाहेरून खाचा चांगल्या खोल दिसत असताना आतली कड गुळगुळीत झालेली असू शकते. खाचांच्या तळाशी रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला म्हणजे नक्षी १.६ मिमी उरली, आणि ब्रिटनमध्ये कायद्याची किमान मर्यादा तेवढीच आहे. माझ्या मते तिथपर्यंत थांबूच नये. ३ मिमीच्या खाली गेलेला टायर साचलेले पाणी पुरेसे बाहेर टाकू शकत नाही, आणि इथे पावसाला ठरावीक ऋतू नाही.

खरा गोंधळ मापावरून होतो. जीटी८६ चे मूळ माप २१५/४५ आर १७ आहे, म्हणजे रुंदी २१५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के आणि रिम १७ इंचांची. दुकानात हमखास २२५/४५ आर १७ सुचवले जाते, कारण ते माप कितीतरी अधिक गाड्यांना लागते, त्यामुळे त्यात निवड भरपूर आणि दरही बरेचदा कमी असतात. टायर रिमवर बसतोही. पण त्याचा व्यास सुमारे ९ मिमीने, म्हणजे जवळजवळ दीड टक्क्याने वाढतो. तेवढ्याने प्रत्येक गिअर किंचित लांबतो, म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी थोडी पुढे जाते पण ओढ कमी होते, आणि दोनशे अश्वशक्तीच्या, खालच्या फेऱ्यांवर आधीच जोर कमी असलेल्या इंजिनाला तो फरक सोसावा लागतो. शिवाय मूळ माप बदलणे हा गाडीतला फेरफार असल्याने विमा कंपनीला कळवावा लागतो. मी २१५ वरच राहिलो आणि इतरांनाही तेच सांगेन.

मापाशेजारचा आकडा आणि अक्षरही वाचावे. ८७ डब्ल्यू म्हणजे एका टायरला ५४५ किलो भार आणि ताशी २७० किमी वेग. ९१ वाय म्हणजे ६१५ किलो आणि ३०० किमी. या मापातले अनेक नवे टायर ९१ चे, जादा भाराचेच मिळतात. साडेबाराशे किलोच्या आसपास वजन असलेल्या गाडीला त्या जादा क्षमतेची गरज नाही, पण त्यात धोकाही नाही.

आता प्रकार. पायलट स्पोर्ट कप २ सारखे, ट्रॅक डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले टायर मी पहिल्यांदाच बाद केले, कारण ते गरम झाल्यावरच नीट चिकटतात आणि थंडगार, ओल्या सकाळी कामाला निघालेल्या माणसाला त्यांचा उपयोग नाही. प्रायमसी मालिकेतल्या नव्या टायरांचा मोह मात्र बराच वेळ सुटला नाही, कारण गाडीचा मूळ स्वभाव त्यांच्यावर सर्वांत जास्त टिकला असता. शेवटी मी मिशलिनचेच पायलट स्पोर्ट ५ निवडले. ओल्या गोल चौकातून बाहेर पडताना जुन्या टायरवर मागचा भाग ज्या तत्परतेने सरकायचा, ती तत्परता आता राहिली नाही, आणि सार्वजनिक रस्त्यावर हे मला मान्य आहे. समोर अचानक गाडी थांबली तर ओल्या डांबरावर आपण किती अंतरात थांबतो, याला मी पहिला मान देतो. रुंदी न वाढवल्यामुळे स्टिअरिंगचा हलकेपणा आणि रस्त्याची जाणीव शाबूत आहे.

निवडताना नव्या टायरसोबत येणाऱ्या लेबलवरच्या श्रेणीच्या अक्षरांवर फार विसंबू नये. ओल्या रस्त्यावरची श्रेणी ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबते यावरून ठरते. वळणातली पकड किंवा साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग तिच्यात येत नाही. आवाजाचा आकडाही गाडीबाहेर मोजलेला असतो, आत बसलेल्याला ऐकू येणारा नव्हे. त्यापेक्षा मोटार मासिकांनी एकाच गाडीवर, एकाच दिवशी घेतलेल्या तुलनात्मक चाचण्या वाचाव्यात.

चारही टायर एकदम बदलणे परवडत नसेल, तर निदान एका आसावरचे (पुढचे किंवा मागचे) दोन्ही एकाच मॉडेलचे आणि सारख्या झिजेचे असावेत, आणि नवी जोडी मागे बसवावी. माझ्या गाडीच्या मागच्या आसावर टॉर्सन डिफरेन्शियल आहे, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत इंजिनाचा जोर वाटणारी आणि एकच चाक मोकळे फिरू न देणारी यंत्रणा. डावे-उजवे टायर कमीजास्त झिजलेले असले तर सरळ रस्त्यावरही त्याला सतत काम पडते. बसवण्यापूर्वी टायरच्या बाजूवरचे चार आकडे पाहून घ्यावेत: पहिले दोन उत्पादनाचा आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. बसवल्यावर लगेच व्हील अलाइनमेंट करून, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्यावेत, नाहीतर नव्या टायरचीही आतली कड तशीच खाल्ली जाईल. आणि सुरुवातीचे दीडेकशे किलोमीटर जोरात वळवू नये, जोरात ब्रेक मारू नये, कारण साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा गुळगुळीत थर पृष्ठभागावरून निघून जायला तेवढे अंतर लागते.