मीटरवरचा तो आकडा

आमची मुलगी साडेचार वर्षांची असताना पुन्हा अंथरूण ओले करू लागली. त्याआधी जवळजवळ वर्षभर तिच्या रात्री कोरड्या जात होत्या, त्यामुळे पहिले दोन दिवस मी मुकाट्याने चादरी बदलल्या. तिसऱ्या दिवशी मात्र लक्षात आले की ती दिवसाही अर्ध्या-पाऊण तासाने शू लागल्याचे सांगते आहे आणि तिची पाण्याची बाटली पूर्वीपेक्षा लवकर रिकामी होते आहे. माझ्या सासऱ्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. वारंवार लघवी, तहान आणि उतरणारे वजन या तिन्हींचा अर्थ आमच्या घरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मी तिला वजनकाट्यावर उभे केले. चार महिन्यांपूर्वी लसीच्या कार्डावर लिहिलेला आकडा आणि आताचा आकडा अगदी सारखा होता. वजन घटले नाही याचे समाधान वाटण्याऐवजी ते वाढले का नाही, याच विचाराने मला घेरले.

त्या संध्याकाळी ती फळाच्या फोडी खात बसली होती आणि मी सासऱ्यांचा ग्लुकोमीटर काढला. तिचे बोट टोचताना माझाच हात थरथरत होता. रक्ताचा थेंब मोहरीएवढा होता, तो पट्टीने शोषून घेतला, मीटरवर पाच सेकंद उलटी मोजणी चालली आणि आकडा आला २३८. लक्षणे असताना दिवसाच्या कोणत्याही वेळी साखर २०० किंवा त्याहून अधिक आली तर मधुमेह मानतात, हे मला ठाऊक होते. सासूबाई हलकेच म्हणाल्या, “गोड जरा जास्तच होत होतं तिचं.” त्या काळजीपोटी बोलल्या, पण ते वाक्य माझ्या काळजात रुतले, कारण तोच आरोप मी स्वतःवर आधीच ठेवलेला होता.

मी बालरोगतज्ज्ञांना फोन केला. डॉक्टरबाईंनी चारच प्रश्न विचारले: उलट्या आहेत का, पोट दुखते का, श्वास खोल आणि जोरात चालतो का, मूल गुंगीत आहे का. चारही उत्तरे “नाही” असूनही त्या म्हणाल्या, “आत्ताच घेऊन या, सकाळची वाट पाहू नका.” हे त्यांचे बरोबरच होते. लहान मुलांमध्ये इन्सुलिन कमी पडले की शरीर चरबी जाळू लागते, त्यातून तयार होणारी कीटोन नावाची आम्ले रक्तात साठतात आणि धडधाकट दिसणारे मूल थोड्याच काळात अत्यवस्थ होऊ शकते. “उपाशीपोटी तपासणी करू, म्हणून उद्या जाऊ” असा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. अशी लक्षणे दिसत असलेल्या कोणत्याही पालकाने तो करू नये, असे मला अगदी कळकळीने वाटते.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सर्वांत आधी तिचे हात साबणाने धुवून घेतले आणि नीट कोरडे करून मगच बोट टोचले. आकडा आला १०४. लघवीच्या पट्टीवर साखर नव्हती, कीटोनही नव्हते. रक्तातील साखर साधारण १८० च्या पुढे गेली की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही, ती लघवीत उतरते आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून मधुमेहात मूल प्रत्येक वेळी भरपूर लघवी करते. पहिला आकडा बहुधा बोटाला लागलेल्या फळाच्या रसाचा होता. रक्ताचा थेंब इतका लहान असतो की त्वचेवरची किंचित साखरही तो आकडा भलताच वाढवते.

मग त्यांनी विचारले, “एका वेळी किती शू होते?” मला सांगता आले नाही. किती वेळा होते ते मी मोजले होते, किती होते याकडे मात्र माझे लक्षच गेले नव्हते. त्यांनी पोट चाचपले आणि शौचाबद्दल विचारले. तेव्हा आठवले की गेले काही आठवडे तिला कडक खडे होत होते. साचलेला मळ मूत्राशयावर दाबतो, त्यामुळे मूल सारखे पण थोडे थोडे जाते आणि रात्री अंथरूणही ओले होते.

तरीही खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत रक्त दिले. अहवाल येईपर्यंतची ती दुपार मला संपता संपेना. उपाशीपोटी साखर ८७ आली आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी ५.२ टक्के, म्हणजे दोन्ही सामान्य. डॉक्टरबाईंनी एक गोष्ट स्पष्ट केली: लहान मुलांत बहुतेकदा आढळणाऱ्या टाइप १ मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते, गोड खाण्याने तो होत नाही आणि आजोबांच्या टाइप २ मधुमेहाहून तो वेगळा असतो. हे मी घरी येऊन सासूबाईंना शब्दशः सांगितले. त्यांचे डोळे भरून आले, म्हणजे तो सल त्यांच्याही मनात होताच.

दोन दिवस मी मापाच्या भांड्याने तिची लघवी मोजून वहीत लिहिली. बहुतेक वेळा ती ४०-५० मिलिलिटरच होती. मळ मऊ करणारे औषध काही आठवडे चालले आणि महिनाभरात चादरी कोरड्या राहू लागल्या. तहान वाढली, वजन उतरले किंवा लघवी पुन्हा भरपूर होऊ लागली तर त्याच दिवशी यायचे, असे डॉक्टरबाईंनी कागदावर लिहून दिले आहे आणि तो कागद लसीच्या कार्डात ठेवला आहे. सासरे आता बोट टोचण्यापूर्वी हात धुतात आणि पुसायला टॉवेल मुलगी आणून देते.