तुम्ही विचारलंत म्हणून: रोमनांचं स्वतःचं असं काय?

प्राचीन रोमबद्दल बोलणं निघालं की कुणी ना कुणी मला हे विचारतंच: "खांब ग्रीकांचे, पुतळे ग्रीकांचे, देवसुद्धा निम्मे ग्रीकांचे. मग रोमनांचं स्वतःचं असं काय?" दोन वाक्यांत याचं उत्तर देता येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जे घेतलं, ते आधी मान्य करू. ग्रीक शिल्पकार मायरनचा थाळीफेक्या किंवा पॉलिक्लिटसचा भालाधारी ही मूळ ब्राँझची शिल्पं फार पूर्वीच नाहीशी झाली. आज संग्रहालयांत दिसतात त्या त्यांच्या रोमन काळातल्या संगमरवरी प्रती. डोरिक, आयोनिक आणि कोरिंथियन हे खांबांचे प्रकारही ग्रीकांकडूनच आले. पण सम्राट येण्याआधीच्या, प्रजासत्ताकाच्या अखेरच्या शतकातले रोमन माणसांचे अर्धपुतळे बघा. टक्कल, ओघळलेले गाल, कपाळावरच्या आठ्या, काहीही लपवलेलं नाही. हे चेहरे मला फार आवडतात.

पण खरं उत्तर देवळांत आहे. रोममध्ये टायबर नदीच्या काठाला, जिथे पूर्वी गुरांचा बाजार भरत असे तिथे, पोर्टूनस या बंदरांच्या देवाचं एक लहानसं देऊळ उभं आहे. समोरून बघाल तर चार आयोनिक खांब, वर त्रिकोणी दर्शनी भाग. ग्रीकच वाटेल. आता बाजूने चालत मागे जा. बाजूचे बरेचसे आणि मागचे सगळे खांब भिंतीत अर्धे बुडालेले दिसतील. ते छत पेलत नाहीत, तो भार भिंतीवर आहे. जोतं चांगलं उंच आहे आणि पायऱ्या फक्त पुढच्या बाजूला.

अथेन्सच्या पार्थेनॉन या ग्रीक देवळाला चारही बाजूंनी पायऱ्या आणि चारही बाजूंनी मोकळे खांब आहेत. ते कुठूनही बघावं. रोमन देऊळ मात्र तुम्हाला समोर आणून उभं करतं. हे वळण शेजारच्या एट्रुस्कन लोकांचं होतं. लाकूड, कच्च्या विटा आणि भाजलेल्या मातीचे पुतळे वापरून ते अशीच उंच जोत्याची, खोल मुखमंडपाची देवळं बांधत. रोमनांनी ती मांडणी ठेवली आणि वरचे खांब ग्रीक पद्धतीने घडवले. फ्रान्समधल्या नीम शहरात याचा सगळ्यात सुरेख नमुना अजून जवळजवळ धडधाकट उभा आहे, मेझाँ कारे. तिथल्या 30 खांबांपैकी 10 मोकळे आणि 20 भिंतीत आहेत.

समोरच्या बाजूचा हा आग्रह नुसता दिसण्यापुरता नव्हता. देऊळ शहराच्या चौकाकडे तोंड करून उभं असे आणि चौकातले व्यवहार त्याच्यापर्यंत येऊन पोचत. रोमच्या मुख्य चौकातल्या कॅस्टर या देवाच्या देवळाच्या जोत्यावरून पुढारी लोकांपुढे भाषणं करत. वजनमापं तपासण्याची सोयही त्याच देवळात होती. शनीच्या, म्हणजे सॅटर्नच्या देवळात सरकारी खजिना असे.

तरीही तुम्ही म्हणाल, हे सगळं जोडकाम झालं, नवं काय? त्यासाठी रोममधल्या पॅन्थिऑन या घुमटाच्या देवळात आत जावं लागतं. सम्राट हेड्रियनच्या काळात, इ.स. 126च्या सुमारास ते पूर्ण झालं. दर्शनी भागावर नाव मात्र अग्रिप्पाचं, म्हणजे पहिला सम्राट ऑगस्टस याच्या सेनापतीचं आहे, कारण त्याने इ.स.पू. पहिल्या शतकात याच जागी बांधलेली आधीची वास्तू जळाली आणि नव्या इमारतीवर जुन्या बांधणाऱ्याचंच नाव कोरलं गेलं.

आतल्या गोल दालनाचा व्यास 43.3 मीटर आणि जमिनीपासून घुमटाच्या माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. एक पूर्ण गोल आत बसेल असं माप. मध्ये एकही खांब नाही. पार्थेनॉनच्या आत छताची लाकडं पेलण्यासाठी खांबांच्या रांगा उभ्या कराव्या लागल्या होत्या. लाकडाची तुळई जेवढी लांब, तेवढीच खोली रुंद. रोमनांनी ही अट मोडली ती काँक्रीटने. चुना आणि ज्वालामुखीची राख यांचा गारा, त्यात दगडविटांचे तुकडे. हे काँक्रीट आजच्यासारखं ओतत नसत. थरावर थर हाताने रचत. त्यात लोखंडी सळी नाही. हे तंत्रही एका रात्रीत हाती आलं नाही. नेपल्सजवळ बायाई इथल्या स्नानगृहावर त्यांनी शतकभराहून आधीच साधारण 21 मीटरचा घुमट चढवला होता. पॅन्थिऑनमध्ये तो आकडा दुपटीवर गेला.

घुमट तोलला कसा, हे मला सगळ्यात सांगावंसं वाटतं. खालच्या गोल भिंतीची जाडी सुमारे 6 मीटर. घुमट वर जाताना पातळ होत होत माथ्याशी जेमतेम सव्वा मीटर उरतो. काँक्रीटमधले तुकडेही बदलत जातात. पायामध्ये ट्रॅव्हर्टिन हा जड चुनखडीचा दगड, मग टफ हा ज्वालामुखीच्या राखेचा दगड आणि विटा, आणि अगदी वर प्युमिससारखा सच्छिद्र, हलका ज्वालामुखीय दगड. आतल्या बाजूला चौकोनी खणांच्या पाच रांगा आहेत, प्रत्येकीत 28 खण. शोभा झाली आणि वजनही घटलं. आणि जिथे वजन सर्वांत नकोसं, त्या माथ्यावर काहीच नाही, सुमारे नऊ मीटरचा उघडा गोल. तिथून ऊन येतं आणि पाऊसही येतो. फरशीला किंचित फुगवटा आहे आणि बारीक भोकं आहेत, त्यातून पाणी निघून जातं. सळी नसलेल्या काँक्रीटचा याहून मोठा घुमट जगात आजही नाही.

आपल्याकडे साधारण त्याच काळात कार्ल्याचं चैत्यगृह पूर्णत्वाला जात होतं. तिथल्या खांबांवर यवन (त्या काळी ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक) दात्यांचे लेख आहेत. तिथे कारागिरांनी डोंगर कोरून आतली मोकळी जागा मिळवली, रोममध्ये सेंट्रिंगवर थर रचून. दोन्हीकडे आत पाऊल टाकल्यावरच काम किती मोठं आहे ते कळतं, म्हणून या दोन वास्तू माझ्या मनात कायम एकत्र येतात.

तेव्हा माझं उत्तर असं: आतली जागा. बाहेरून बघायच्या मूर्तीसारखं देऊळ ग्रीकांनी इतकं घडवलं की त्यात भर घालणं अवघड होतं. माणसाला आत घेऊन भोवती आकाशाएवढी पोकळी उभी करणं हे रोमनांचं.

पॅन्थिऑनला गेलात तर आत शिरण्याआधी जरा लांब उभं राहून मुखमंडपाच्या वर बघा. मंडपाचा त्रिकोण आहेच, पण त्याच्या मागच्या भिंतीवर, आणखी वर, दुसऱ्या एका त्रिकोणाच्या कडा दिसतात. काही अभ्यासकांचं म्हणणं असं की मंडपासाठी 50 रोमन फुटांचे खांब ठरले होते, मिळाले 40 फुटांचे, म्हणून मंडप ठरल्यापेक्षा बुटका झाला आणि वरच्या त्रिकोणाच्या खुणा तशाच राहिल्या. इजिप्तच्या खाणींतून ग्रॅनाइटचे एवढे अखंड खांब आणणं सोपं नव्हतं. मला हे पटतं, कारण मंडप आणि मागची इमारत यांच्या सांध्याचा अवघडलेपणा दुसऱ्या कशाने नीट समजत नाही. पुढे ग्रीक पद्धतीचा मंडप, मागे रोमन गोल, आणि मध्ये दोघांना जोडणारा चौकोनी ठोकळा. तुमच्या प्रश्नातले दोन्ही पक्ष तिथे एकमेकांना खेटून उभे आहेत.