कोरडा सारथी

हंगेरीतल्या द्राक्षबागांमधून आठ दिवस मोटारीने हिंडायचे, हे आमच्या घरी एका रविवारी जेवणाच्या टेबलावर ठरले आणि वाटीतले सार निवायच्या आत अडलेही. त्या देशात वाहन चालवणाऱ्याच्या रक्तात मद्याचा अंश शून्य असावा लागतो. एखादा पेला चालतो, जेवणासोबत थोडी चालते, अशी कोणतीही सवलत तिथे नाही. वाईन करणाऱ्यांची तळघरे एका जागी नसतात, डोंगरउतारांवर आणि खेड्यापाड्यांत विखुरलेली असतात, त्यामुळे गाडीवाचून गत्यंतर नाही. आणि गाडी घेतली की आम्हा नवराबायकोंपैकी एकाने दिवसभर पाण्याची बाटली हातात धरून दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहत बसायचे. एक दिवस तुझा, एक दिवस माझा, अशी पाळी लावून पाहिली, पण तोकाय या गोड वाईनसाठी नावाजलेल्या गावाचा दिवस कोणाच्या वाट्याला यावा यावरून जो वाद सुरू झाला तो दोन महिने चालला.

चाखून थुंकण्याची रीत जगभर आहे आणि त्यासाठी तळघरात वेगळे भांडे ठेवलेले असते, हे मला ठाऊक आहे. पण ताटात काही टाकू नये या शिस्तीत वाढलेल्या माणसाने रोख पैसे मोजून घेतलेला घोट बादलीत टाकायचा, ही कल्पना काही केल्या पचनी पडत नाही. शिवाय कितीही नेमाने चूळ भरली तरी जिभेमागून थोडे उतरतेच, आणि शून्याच्या कायद्यात त्या थोड्यालाही जागा नाही.

नकाशा पाहिला तेव्हा मात्र हुरूप आला. सारा देश महाराष्ट्राच्या एकतृतीयांशाहून किंचित लहान, आणि तेवढ्यात 22 वाईन-प्रदेश. पुण्याहून नागपूरला मोटारीने गेलेल्या माणसाला असा देश अंगणासारखा वाटला तर नवल नाही. मी मोठ्या उत्साहाने ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या शोप्रोनपासून सुरुवात केली, तिथून बालातोन सरोवर, मग अगदी दक्षिणेचे विल्लान्य, आणि तिथून थेट ईशान्येच्या टोकाला तोकाय, अशी निळ्या शाईची रेघ ओढली. विल्लान्य ते तोकाय हे अंतर चारशे किलोमीटरांहून अधिक भरते, हे बायकोने दाखवून दिले. तो सगळा दिवस महामार्गावर जाणार, म्हणजे कोणीच काही चाखणार नाही, निदान त्या दिवशी भांडण तरी होणार नाही, असा माझा युक्तिवाद होता. तो फेटाळला गेला आणि विल्लान्य गळाले. तिथल्या काबर्ने फ्रां या तांबड्या वाईनची कीर्ती ऐकून असल्यामुळे मला त्याचे आजही वाईट वाटते.

नकाशावरची नावे वाचतानाही आमचा बराच वेळ गेला. हंगेरियन लिपी रोमन असली तरी तिच्यातला एकटा 'एस' म्हणजे आपला 'श', 'एस'पुढे 'झेड' आला की 'स', आणि 'जे' म्हणजे 'य'. इंग्रजीच्या सवयीने वाचणारा माणूस शोप्रोनचे सोप्रोन करतो आणि तोकायचे टोकाज. देवनागरीत लिहून घेतले की ही अडचण उरत नाही, म्हणून आमच्या वहीत सगळी गावे मराठीत आहेत आणि ती तिथल्या माणसांना दाखवून काही उपयोग होणार नाही.

बालातोनच्या परिसराला तीन दिवस दिले आहेत आणि त्यांत मी कपात होऊ देणार नाही. सरोवर सुमारे 77 किलोमीटर लांब आहे. दक्षिणेच्या बाजूने महामार्ग जातो आणि उत्तरेच्या काठाने 71 क्रमांकाचा साधा रस्ता, आणि पाहण्याजोगे डोंगर उत्तरेलाच आहेत. बादाचोन्य हा माथा सपाट असलेला बेसाल्टचा डोंगर आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळात वाढलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटावा, फक्त त्याच्या उतारावर कारवीऐवजी वेली आहेत. थोडे वायव्येला शोम्लो नावाचा असाच एकटा उभा डोंगर आहे. तिथल्या मुख्य द्राक्षाचे नाव युहफार्क, म्हणजे मेंढीची शेपटी, कारण त्याचा घड तसा लांबट आणि टोकाला वळलेला असतो. लग्नाच्या रात्री ही वाईन प्यायल्यास मुलगा होतो असा तिथला जुना समज आहे. दोन मुलींच्या आईबापांनी पंचवीस वर्षे उशिरा तिथे जावे की नाही यावर आमच्याकडे थोडी चर्चा झाली, पण शोम्लो यादीत राहिले.

याच काठावर बालातोनफ्युरेद आहे. रवींद्रनाथ ठाकूर 1926 साली तिथल्या हृदयरोग्यांच्या आरोग्यधामात उपचारांसाठी राहिले होते आणि त्यांनी सरोवराकाठी लिंडेनचे एक रोप लावले. तिथल्या फिरायच्या वाटेला आज त्यांचे नाव आहे. लिंडेनला हंगेरियनमध्ये 'हार्श' म्हणतात, आणि त्या देशातल्या एका उत्तम पांढऱ्या द्राक्षाचे नाव 'हार्शलेवेल्यू', म्हणजे लिंडेनचे पान. गुरुदेवांच्या वाटेवर फेरी मारून संध्याकाळी हार्शलेवेल्यूचा एक पेला घ्यायचा, गाडी विश्रामगृहाच्या आवारात लावून दोघांनीही घ्यायचा, हा बेत मला फार आवडला आहे. उन्हाळ्यात तिथली माणसे वाईनमध्ये सोडा घालतात आणि त्याच्या प्रत्येक प्रमाणाला वेगळे नाव असते: दोन वाटे वाईनला एक वाटा सोडा म्हणजे 'मोठा फ्रोच', आणि एक वाटा वाईनला दोन वाटे सोडा म्हणजे 'होस्सूलेपेश', अर्थात लांब पाऊल. कटिंग आणि स्पेशल यांवर भागवणाऱ्या आपल्या चहावाल्यांनी यातून काही घेण्यासारखे आहे.

एगेर वाटेतच आहे म्हणून अर्धा दिवस मिळाला. 1552 साली किल्लेदार इश्त्वान दोबोच्या मूठभर शिबंदीने तुर्कांच्या प्रचंड फौजेविरुद्ध तिथला किल्ला राखला, आणि दाढ्यांवरून ओघळणारी तांबडी वाईन पाहून हे लोक बैलाचे रक्त पितात असे वेढा घालणाऱ्यांना वाटले, अशी तिथल्या तांबड्या वाईनच्या 'बिकावेर', म्हणजे बैलाचे रक्त, या नावामागची कथा सांगतात. कथा बहुधा रचलेलीच असावी, पण किल्ल्यांच्या कथा ऐकतच मोठे झालेल्या आपल्यासारख्यांनी तिला नावे ठेवू नयेत.

राहता राहिले तोकाय. बोद्रोग आणि तिसा या नद्यांचा तिथे संगम होतो, शरदात पहाटे पाण्यावरून धुके चढते, दुपारी ऊन पडते, आणि पिकलेल्या मण्यांवर एक बुरशी धरते. ती मण्याच्या सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते, आतले पाणी उडून जाते, आणि वेलीवरच सुरकुतलेला, साखरेने दाटलेला मणी उरतो. त्याला 'असू' म्हणतात. हे मणी एकेक करून हाताने वेचतात. पूर्वी ते साधारण 25 किलोच्या टोपलीने, म्हणजे 'पुत्तोन्य'ने मोजत, आणि 136 लिटरच्या पिंपात अशा किती टोपल्या पडल्या यावरून वाईनची प्रत ठरे. त्या मण्यांच्या नुसत्या स्वतःच्या भाराने जो रस ठिबकतो त्याची 'एसेन्सिया' होते. तिच्यात लिटरमागे 450 ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक साखर असते आणि ती पेल्यातून नव्हे, चमच्याने घेतात. तोकायच्या वेलींवर देवाने अमृत ठिबकवले, असा उल्लेख हंगेरीच्या राष्ट्रगीतातच आहे.

हे सारे मी फोनवर तासगावच्या मामांना सांगितले. त्यांची चाळीस वर्षे द्राक्षबागेत आणि बेदाण्याच्या शेडवर गेली आहेत. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की दव आणि अवकाळी पाऊस यांच्या धास्तीने पहाटे उठून पानांची खालची बाजू बॅटरीच्या उजेडात तपासणारा हा माणूस. दावण्या आणि भुरी या बुरशीच्या रोगांची नावे त्यांच्या घरात सावकारासारखी घेतली जातात. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आरं, बुरशी आलेला माल आम्ही बांधाच्या कडंला पुरतो, आन् ती माणसं टोपल्यानं मोजत्यात?" मी म्हणालो, "होय मामा, आणि सोन्याच्या भावाने विकतात." पुन्हा शांतता. पाऊस लागून राहिला तर तीच बुरशी सगळा घड सडवते, हे मी सांगायच्या आधीच त्यांनी विचारले, "धुक्यानंतर ऊन न्हाई पडलं तर?" मी वाचून मिळवलेले ज्ञान तिथेच संपले होते, त्यांचे प्रश्न मात्र सुरू झाले. वेल मांडवावर असते की तारेवर, एका वेलीला घड किती ठेवतात, वेचणाऱ्या बायकांना मजुरी दिवसावर की किलोवर.

शेवटी त्यांनी स्वतःच विचारले, "गाडीत जागा हाय का?"

मामा माळकरी आहेत. त्यांनी आयुष्यात थेंब तोंडाला लावलेला नाही आणि बेदाण्याचा टेम्पो घेऊन ते वर्षानुवर्षे सौद्याला गेले आहेत. ठिबक सिंचन पाहायला इस्रायलला गेले तेव्हाचा पासपोर्ट कपाटात आहे आणि त्याची मुदतही शिल्लक आहे. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने हाकायची सवय करायची, एवढेच काय ते उरले. त्यांची अट एकच: कार्तिकीला ते पंढरपुरात हवेत. असूचा वेच ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे चालतो, त्यामुळे भिंतीवरचे कालनिर्णय उतरवून आम्ही सगळ्या तारखा पुन्हा मागे सरकवल्या. तोकायजवळच्या एका छोट्या तळघराला तीन माणसे येणार असल्याचे कळवताना बायकोने विचारले, "तिसऱ्यांच्या नावापुढे काय लिहू, ड्रायव्हर?" मी तिला 'द्राक्ष बागायतदार' असे लिहायला सांगितले.