पांढरा शर्ट, काळी पाटी : सेबू बेटावरची मॉर्मन सेवा

फिलिपिन्समधल्या सेबू शहरात दुपारी दोनच्या उन्हात टाय लावून चालणारी दोन तरुण पोरं दिसली, तर ती पर्यटक नाहीत, मॉर्मन चर्चचे मिशनरी आहेत, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, काळी पँट, पाठीवर सॅक आणि खिशावर काळी पाटी. पाटीवर ‘एल्डर’ आणि आडनाव. मुली असतील तर ‘सिस्टर’ आणि आडनाव. सेवा संपेपर्यंत सगळे त्याच नावाने हाक मारतात. सगळे अमेरिकनच असतात असं मात्र नाही. जोडीतला एक बऱ्याचदा फिलिपिन्सच्याच दुसऱ्या बेटावरचा असतो, आणि सेबूआनो भाषा त्यालाही नव्याने शिकावी लागते.

२०१८ पासून चर्चने ‘मॉर्मन’ हे नाव टाळायला सांगितलंय. पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’, स्थापना १८३०, मुख्यालय अमेरिकेत युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला. मी सोयीसाठी जुनंच नाव वापरतोय. फिलिपिन्समध्ये त्यांचं काम १९६१ साली सुरू झालं. सेबूतल्या लाहुग भागातलं त्यांचं मंदिर २०१० चं आहे. शिखरावर तुतारी फुंकणारा सोनेरी देवदूत आहे, त्यामुळे ओळखायला अवघड नाही. त्यांचा धर्मविचार पटो न पटो, मला रस आहे तो या पोरांच्या दिवसात. सेवा मुलांना २४ महिने, मुलींना १८ महिने; कुठे जायचं हे स्वतः निवडायचं नाही, आणि पगार नाही. उलट अमेरिकेतून येणाऱ्याच्या घरून महिन्याला ५०० डॉलर भरले जातात. हा आकडा २०२० च्या जुलैपासूनचा, त्याआधी ४०० होता. टोकियोला पाठवा नाहीतर सेबूला, रक्कम तीच. हे पैसे एका सामायिक खात्यात जातात आणि त्यातून प्रत्येक देशाच्या महागाईप्रमाणे खर्च वाटला जातो. खोलीचं भाडं मिशनचं ऑफिस भरतं. जेवण आणि प्रवासासाठी कार्डावर महिन्याचे ठरावीक पैसे येतात. महिना संपण्याआधी ते संपले, तर उरलेले दिवस भात आणि सार्डिनचे डबे.

दिवस साडेसहाला उठण्याने सुरू होतो आणि साडेदहाला दिवा मालवून संपतो. मध्ये अर्धा तास व्यायाम, नाश्ता, एकट्याने वाचन, मग जोडीदारासोबत वाचन, त्यावर भाषेचा अभ्यास. पूर्वी हे मिनिटामिनिटाला बांधलेलं असायचं. २०१७ पासून वेळा मागेपुढे करायची मोकळीक आहे. भाषेत पहिली शिकवली जाते ती प्रार्थना, आणि तिचा क्रम ठरलेला : आधी हाक, मग आभार, मग मागणं, शेवटी येशूच्या नावाने समाप्ती. म्हणजे आभार आधी, मागणं नंतर. सुरुवातीला शब्द तोकडे म्हणून आभारही ठोकळेबाज असतात. कुटुंब, अन्न, आजचा दिवस, झालं. पुढे भाषा हाताशी आली की आभारही बारीक होत जातात. पाऊस थांबला म्हणून, वीज आली म्हणून, कुणी सावलीत खुर्ची दिली म्हणून. पाठ केलेले आभार खरे होण्याचा रस्ता बहुतेक हाच असावा.

राहण्याची सोय साधी. अंघोळ बादली आणि प्लॅस्टिकच्या टमरेलाने. इथे त्याला ‘ताबो’ म्हणतात. मराठी माणसाला त्यात नवल नाही, पण जन्मभर शॉवरखाली उभ्या राहिलेल्या पोराला अर्ध्या बादलीत साबण धुऊन काढणं शिकायला आठवडा लागतो. नळाचं पाणी प्यायचं नाही. गल्लीगल्लीत पाणी भरून देणारी दुकानं आहेत. पाच गॅलनचा, म्हणजे सुमारे १९ लिटरचा निळा कॅन तीनचाकीवरून घरपोच येतो. उन्हाळ्यात पिणं आणि स्वयंपाक धरून दोघांना तो तीन दिवसही पुरत नाही. पोट बिघडतं ते बहुधा या पाण्याने नव्हे, बाहेरच्या सरबतातल्या बर्फाने. साठवणीच्या पिंपाला झाकण हवंच, आणि आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून घासायचं. नुसतं पाणी बदलून भागत नाही; डेंग्यूच्या डासाची अंडी पिंपाच्या भिंतीला चिकटून राहतात.

हा डास दिवसा चावतो, म्हणून रात्रीची मच्छरदाणी अपुरी पडते. सकाळी बाहेर पडताना मानेला आणि घोट्यांना मलम लावायचं. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन आणि अॅस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि अमेरिकेहून आणलेल्या औषधांच्या पिशवीत नेमकं आयबुप्रोफेनच असतं. ताप उतरला की पोरं पुन्हा रस्त्यावर निघायला बघतात, पण डेंग्यूत खरी काळजी त्या एकदोन दिवसांतच घ्यायची असते. पोटात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, यातलं काही दिसलं तर वाट न पाहता हॉस्पिटल. तुंबलेल्या पाण्यातून चालणं टाळायचं ते लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) तापामुळे; पायाला चीर असेल तर अजिबात नाही. कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची.

चामडी बूट इथल्या पावसात टिकत नाहीत. दोन जोड आलटून पालटून घालायचे, ओल्या जोडात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. एकच जोड रोज घातला तर आधी शिवण उसवते, मग बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. पांढऱ्या कॉलरवरचे घामाचे पिवळे डाग काढायला क्लोरीनचं ब्लीच वापरलं, तर ते आणखी पिवळे होतात. कॉलर भिजवून साबणाची वडी घासायची, अर्धा तास ठेवायचं, चोळायचं आणि उन्हात टाकायचं. हे ज्ञान शेजारच्या बायका फुकट देतात, बऱ्याचदा हसून हसून.

फिरणं पायी, लांबचं जीपनीने, म्हणजे इथल्या लांबट जीपसारख्या शेअर गाडीने. भाडं ‘पालिहोग’, म्हणजे ‘कृपया’, म्हणत पुढच्या माणसाच्या हातात द्यायचं. ते हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातं आणि सुटे तसेच परत येतात. उतरायचं असेल तर ‘लुगार लांग’ म्हणायचं. घरांना बेल क्वचितच असते, आणि कडी वाजवणंही बरं दिसत नाही. फाटकाबाहेर उभं राहून ‘आयो!’ अशी हाक द्यायची आणि थांबायचं. आत बोलावलं तरी लगेच शिरायचं नाही. घरात एकटी बाई असेल तर दोन एल्डर आत जात नाहीत, नियमच आहे. मग ओसरीवर बसायचं, किंवा शेजारच्या घरातल्या कुणाला तरी सोबत घ्यायचं.

नकार इथे तोंडावर मिळत नाही, हीच मोठी अडचण. बहुसंख्य लोक कॅथलिक आहेत, स्वभावाने अगत्यशील आहेत. ‘नको’ म्हणण्यापेक्षा ‘पुढच्या वेळी’ म्हणतात. ठरलेल्या वेळी गेलं तर बारकं पोर बाहेर येऊन सांगतं, आई घरी नाही. आतून टीव्हीचा आवाज येत असतो. म्हणून आदल्या संध्याकाळी मेसेज टाकून वेळ पक्की करायची आणि प्रत्येक भेटीच्या जोडीला जवळचं दुसरं घर हेरून ठेवायचं. तसं केलं नाही तर भर दुपारी दोन तास नुसती वणवण होते.

सगळ्यात अवघड भाग जेवणाचा आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचाही. जिथे सभासद पुरेसे आहेत तिथे रविवारी सभेनंतर एक तक्ता फिरतो. ज्याला मिशनऱ्यांना जेवू घालायचं तो आपल्या सोयीच्या दिवसापुढे नाव लिहितो. जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, तसंच हे. फरक एवढाच की इथे वाढणारं घर पुष्कळदा जेवणाऱ्यापेक्षा गरीब असतं. पत्र्याचं छप्पर, घरात पाच माणसं, आणि पाहुण्यांसाठी कोंबडी. भात तीन त्रिकाळ. नारळाच्या झावळीच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात म्हणजे पुसो. बरोबर अडोबो (व्हिनेगर आणि सोया सॉसमध्ये शिजवलेलं मांस), तिनोला (आलं घातलेला कोंबडीचा रस्सा), सुकी मासळी, आणि सण असेल तर लेचोन, म्हणजे अख्खं भाजलेलं डुक्कर.

इथे नवखे पोर दोन प्रकारे घसरतं. एक तर संकोचाने ‘भूक नाही’ म्हणतं, आणि यजमानीण दुखावते. नाहीतर चविष्ट लागलं म्हणून दोनदा मागून घेतं आणि घरातल्या मुलांच्या वाटचं संपवतं. यजमान पाहुण्यांना आधी जेवू घालून स्वतः नंतर बसतात, त्यामुळे पातेल्यात किती उरलंय ते दिसत नाही. मुरलेले एल्डर जे करतात ते असं : ‘मांगाओन ता’, म्हणजे ‘जेवू या’, म्हटलं की बसायचं, पहिल्यांदा थोडं वाढून घ्यायचं, मासा किंवा कोंबडीचा एकच तुकडा, भात हवा तेवढा. यजमानांनाही सोबत बसायचा आग्रह करायचा. तासाभरात उठायचं, ताटं धुऊ देतील तर धुवायची, निघण्याआधी एखादा छोटा विचार आणि प्रार्थना. त्या प्रार्थनेत स्वयंपाक करणारीचं नाव घ्यायचं. परतफेड म्हणून पैसे देऊ केले तर अपमान होतो. पाणी भरून देणं, छपराचा पत्रा ठोकायला हात लावणं, पोरांचं इंग्रजी घेणं, एवढं चालतं.

कॉफी, चहा, दारू आणि तंबाखू त्यांना वर्ज्य. त्यामुळे आल्या आल्या पुढे येणारी कॉफी नाकारताना कारण सांगावं लागतं. मायलो, म्हणजे माल्ट आणि कोकोचं पेय, चालतं, आणि बहुतेक घरांत ते असतंच. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणं सोडून उपास, तोही निर्जळी. साबुदाण्याची पळवाट नाही. वाचलेल्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी द्यायचे.

जोडीदार हे या सेवेतलं खरं प्रकरण. चोवीस तास एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं. खोली एक, पलंग दोन. जोडीदार निवडता येत नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी येते, त्यात जोडी मोडेल किंवा राहील. भांडणं तत्त्वावरून होत नाहीत. भांडी कुणी घासायची, पंखा कुणाकडे वळवायचा, एक जण सकाळी अलार्म तीनदा बंद करतो, यावरून होतात. त्यावर रीत अशी की आठवड्याचं नियोजन संपताना दोघांनी समोरासमोर बसायचं, आधी दुसऱ्याचं काय चांगलं आहे ते सांगायचं आणि मगच खटकणारी गोष्ट काढायची. ‘तू छान आहेस’ असं मोघम बोललं तर दुसरा पुढचा वार झेलायच्या तयारीत बसतो. ‘मंगळवारी मला बोलता येईना तेव्हा तू सावरून घेतलंस’ असं नेमकं बोललं तर पुढची तक्रार ऐकली जाते. ही रीत लग्न झालेल्यांनीही उचलावी.

आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, तयारीचा. धुणं, बाजार, केस कापणं, घरी पत्र. पूर्वी पत्रासाठी नाणं टाकून चालणाऱ्या ‘पिसोनेट’ संगणकांवर जावं लागे, वेळ संपली की स्क्रीन बंद. घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. फायद्याचंच आहे, पण कॉलवर तक्रारी आधी निघतात. पत्र लिहिताना माणूस आठवडा चाळतो आणि चांगलं काय घडलं ते शोधतो. दोन्ही करणारे जास्त टिकतात असं मला वाटतं. बाकी सुट्टीच्या दिवशीही समुद्रात पोहायला बंदी. सेबूला लागून असलेल्या माक्तान बेटाच्या ज्या पाण्यासाठी जगभरातून लोक येतात, त्याच्या काठावर ही पोरं बूट घालून उभी असतात.

वादळांचा मोसम साधारण जून ते डिसेंबर. सरकारी हवामान खात्याचे इशारे १ ते ५ क्रमांकांत येतात. प्रत्येक खोलीत तीन दिवसांची पिशवी तयार असते : पाणी, डबाबंद अन्न, टॉर्च, कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये, रोख पैसे. रोख महत्त्वाची, वीज गेली की कार्ड म्हणजे नुसतं प्लॅस्टिक. नोव्हेंबर २०१३ मध्ये योलांदा वादळाने शेजारच्या लेयते बेटावरचं ताक्लोबान उद्ध्वस्त केलं. तिथल्या मिशनमधले सगळे २०४ मिशनरी सुखरूप सापडले आणि त्यांना बाहेर काढलं गेलं. डिसेंबर २०२१ मध्ये ओडेट वादळ खुद्द सेबूवर आलं, तेव्हा शहरात पाणी भरायच्या दुकानांपुढे तासन्‌तास रांगा होत्या.

महाराष्ट्राशी या लोकांचा संबंध जुना आहे. ह्यू फिंडले हा स्कॉटिश मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याला गेला. त्या काळी मिशनरी खिशात पैसे न ठेवता निघत, लोक देतील त्यावर राहत. आता कार्ड आहे, पण वाढलेल्या ताटापुढे बसायची वेळ टळलेली नाही.

सेबूत आणि फिलिपिन्सच्याच दवाव शहरात मेडिकल शिकणारी मराठी मुलं बरीच आहेत. त्यांच्या फाटकाबाहेर कधी ‘आयो!’ ऐकू आलं तर पाणी आणि खुर्ची द्यावी. पाणी कॅनचं, बर्फाशिवाय. चहा विचारू नये, लिंबू सरबत चालेल. ऐकायचं नसेल तर ‘नंतर या’ म्हणू नये, सरळ नाही म्हणावं. ते नाराज होत नाहीत, आणि त्यांची एक खेप वाचते.