आमची वाटचाल : सहा इंचांचं भोक

स्वयंपाकघरातली धूर ओढणारी चिमणी बसवायला गेलो की मी आधी मशीन बघत नाही, भिंत बघतो. बाहेरची भिंत ओट्यापासून किती लांब, बीम कुठून गेलाय, पाइपाला किती वळणं पडणार, हे सगळं बघून झालं की मगच खोका उघडायला सांगतो. २००२ पासून पुण्यात हेच काम करतोय. गिऱ्हाईक मात्र पहिला प्रश्न एकच विचारतं, "सक्शन किती?" म्हणजे तासाला किती घनमीटर हवा ओढते. बाराशे असो नाहीतर पंधराशे, धुराला बाहेर जायला वाटच नसेल तर तो आकडा खोक्यावरच राहतो.

सुरुवात दोघांची. औंधच्या आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड करताना शेजारी बसणारा मित्र, तोच भागीदार झाला. दोघांनी अकरा-अकरा हजार घातले. तापकीर गल्लीतून वायर, प्लगटॉप, स्क्रू घेतले, एक हॅमर ड्रिल आणि एक घडीची शिडी. तेव्हा भोक छन्नी-हातोड्यानं पाडायचो. नऊ इंची विटांची भिंत फोडायला दोन-अडीच तास जायचे, सगळ्या स्वयंपाकघरावर लाल धूळ बसायची आणि भोक गोल व्हायचं नाही ते नाहीच. मग पाइपाभोवती राहिलेल्या फटी भरत बसा.

२००६ मध्ये जुनी कोअर कटिंगची मशीन घेतली. हिऱ्याचं बिट, पाण्याची नळी, खाली बादली. पहिलं भोक कर्वेनगरला पाडलं. पंचवीस मिनिटांत भिंतीचा गोल ठोकळा अख्खा बाहेर आला. त्याच्या अंगावर विटांचे थर आणि मधल्या सिमेंटच्या रेघा इतक्या स्वच्छ दिसत होत्या की आम्ही दोघं बराच वेळ तो हातात फिरवत बसलो. तो ठोकळा अजून माझ्या टेबलावर आहे. बिलांवर ठेवतो.

त्या दिवसांतलं एक घर सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सदाशिव पेठेत एका वाड्यात काकू पोळीभाजीचे डबे करायच्या. रोज चाळीस डबे, म्हणजे सकाळी सहापासून फोडणी. लाल मिरची तेलात पडली की ठसका जिन्यापर्यंत यायचा. भिंत दगड-मातीची, हात लावला तर पोपडे सुटायचे. तिथे भोक पाडायची माझी हिंमत झाली नाही. खिडकीची वरची काच काढून तिथे पत्रा बसवला आणि पत्र्यातून पाइप बाहेर नेला. चिमणी शेगडीपासून २८ इंचांवर घेतली. काम झाल्यावर मी उदबत्ती मागितली. पेटवून शेगडीच्या चारही कोपऱ्यांवर धरली, धुराची रेघ सरळ वर वळली. काकू म्हणाल्या, "अरे, देवापुढे जळते ती वाकडीतिकडी जाते, इथे बरी सरळ गेली!" तेव्हापासून प्रत्येक कामानंतर उदबत्ती. कागद चिकटवून दाखवणारे खूप आहेत. कागद फिल्टरला चिकटतो, पण कोपऱ्यातला धूर आत जातोय का ते कागद सांगत नाही.

काकूंनी एक शिस्त पाळली. दर दुसऱ्या रविवारी फिल्टर उतरवून कडकडीत पाण्यात भांड्याच्या पावडरीत बुडवायच्या आणि कालनिर्णयवर खूण करायच्या. त्यांच्या मशीनची मोटर बारा वर्षं चालली. मध्ये फक्त एकदा कपॅसिटर बदलला. मोटर नुसती गुणगुणते आणि पातं फिरत नाही, तेव्हा आधी तोच बघायचा. लोक थेट मोटर बदलून पैसे घेतात.

आता २०११. शहराबाहेर एका स्कीमचं ८४ फ्लॅटचं काम मिळालं. एवढी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच. माल उधारीवर उचलला. साइटवर गेलो तर बिल्डरनं प्रत्येक स्वयंपाकघरात चार इंची पीव्हीसीचा तुकडा सोडलेला, आणि तो सगळ्या मजल्यांच्या एकाच शाफ्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या उभ्या पोकळीत, उघडणारा. शाफ्टच्या डोक्यावर स्लॅब. म्हणजे वरून बंद. सहाचा पाइप चारवर आणला की वाट निम्म्याहूनही कमी उरते, हे शाळेतलं गणित आहे. मी साइट इंजिनिअरला सांगितलं, लिहूनही दिलं. उत्तर आलं, ड्रॉइंगमध्ये आहे तसं बसवा. भागीदार म्हणाला, "बसवू रे, पैसे तर येतील." मी बसवलं. तिथे मी चुकलो.

लोक राहायला आले आणि दोन महिन्यांत फोन सुरू झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या सुरमईचा वास सहाव्या मजल्यावरच्या शाकाहारी घरात. चिमणी बंद असली तरी वरून वास येतो, शेगडीवर काळं तेल ठिपकतं, पाहुण्यांसमोर लाज जाते. प्रत्येक तक्रारीवर आमच्या दुकानाचं नाव. बिल्डरनं काम निकृष्ट म्हणून आमचे तीन लाख साठ हजार अडकवले.

तेवढ्यात दुसरा एक चिमणीवाला सोसायटीत शिरला. त्याचं नाव घेत नाही. त्यानं मीटिंगमध्ये सांगितलं, मशीन हलकी आहेत, जास्त सक्शनची घ्या. वीस-बावीस जणांनी घेतली. वाट तीच, चार इंची, वरून बंद. जोरकस मशीननं धूर जोरात शाफ्टमध्ये ढकलला आणि तो जायला जागा नाही म्हणून कमी जोराच्या घरात घुसला. उरलेल्यांनाही मग मोठी मशीन घ्यावी लागली. त्याचा धंदा झाला, आणि तज्ज्ञ म्हणून नाव झालं ते वेगळंच. माझं लेखी पत्र कुणी उघडूनही बघितलं नाही. आज इतक्या वर्षांनीही त्याची गाडी रस्त्यात दिसली की माझा घास अडतो.

भागीदार त्याच पावसाळ्यात वेगळा झाला. हिशेबात कोअर मशीन त्याच्याकडे गेली. माझ्याकडे ड्रिल, शिडी आणि उधारी. ओम्नी विकून अर्धी उधारी फेडली, शिडी स्कूटरला बांधून फिरू लागलो. बायकोनं जुन्या पावत्या काढून एक वही केली, घर, तारीख, मॉडेल, आणि रोज दहा घरांना फोन, "सर्व्हिसिंग कधी करू या?" सदाशिव पेठेच्या काकूंनी फोनवर काही विचारलं नाही. गेलो तेव्हा तीन वर्षांच्या सर्व्हिसिंगचे पैसे एकदम हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "पावती दे. उपकार नाहीत हे." त्या महिन्याचं दुकानभाडं त्यातून गेलं.

सर्व्हिसिंगमध्ये मी ज्या घाणीत हात घातले त्याचं वर्णन कुणी करत नाही. हूड उतरवला की ब्लोअरच्या पात्यांमध्ये गुळाच्या पाकासारखा घट्ट चिकटा बसलेला असतो. बऱ्याच मॉडेलमध्ये पातं धरणारा नट उलट्या आट्याचा असतो. नवखा पोरगा नेहमीसारखा फिरवतो आणि मोटरचा दांडा खराब करून बसतो. आधी पात्यावरची खूण बघा. आणि अॅल्युमिनियमच्या जाळीला कॉस्टिक सोडा लावू नका, जाळी काळी पडून खाल्ली जाते. स्टीलच्या पट्ट्यांच्या फिल्टरला, म्हणजे बॅफलला, एक वेळ चालेल. तीनशे रुपयांत 'केमिकल वॉश' करून देणारे हेच करतात, आणि वर्षभरात जाळीचा चुरा होतो. ऑटो-क्लीन घेतलंय म्हणून निश्चिंत राहू नका. आतलं कॉइल तापून तेल वितळतं आणि वाटीत उतरतं, पण ती वाटी रिकामी तुम्हालाच करायची आहे, आणि पाइपातलं तेल काही त्यानं निघत नाही. स्वयंपाक करताना लांबची एक खिडकी थोडी उघडी ठेवा. आत हवा आली नाही तर बाहेर काय जाणार?

२०१३ च्या दिवाळीनंतर त्याच सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. नवीन कमिटीला फायलीत माझं पत्र सापडलं होतं. मी आधी जाणार नव्हतो. बायको म्हणाली, जा. भाड्यानं कोअर मशीन घेतली. शाफ्टचा नाद सोडला, ड्राय बाल्कनीच्या भिंतीतून प्रत्येक घराला स्वतंत्र सहा इंची वाट काढली, एकच वळण, बाहेर झडप असलेलं झाकण. ६१ घरांनी केलं. जुनी चार इंची तोंडं सिमेंटनं बुजवली. अडकलेले पैसे बिल्डरनं अजून दिलेले नाहीत.

पुढची वर्षं कामाची गेली. आता चार पोरं आहेत, मशीन दोन आहेत, वही कॉम्प्युटरवर गेली तरी बायको हातानंही लिहिते.

काकूंचा वाडा पाडून इमारत झाली. नव्या स्वयंपाकघराचं प्लास्टर व्हायच्या आधीच त्यांनी मला बोलावून घेतलं आणि बिल्डरच्या माणसासमोर म्हणाल्या, "भोक कुठे पाडायचं ते याला दाखव." मी खडूनं गोल काढला. डबे आता सून करते. पुढच्या गुरुवारी सर्व्हिसिंग आहे, सकाळी अकरानंतर यायला सांगितलंय, डबे गेल्यावर.